पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण निवडताना

पक्षी पाहण्याचा छंद ज्याला जडतो त्याच्या गळ्यात प्रथम येते ती दोन डोळ्यांनी पाहावयाची दुर्बीण. 8 पट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे 42 मिलिमीटर रुंदीची, अशी ती साधारणतः असते; रानातल्या आणि बागेतल्या पक्ष्यांसाठी ती पुरतेही. पण जुन्या गोव्याजवळच्या करमळीच्या तळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले, की तिचे बळ सरते. मध्यावर अडई बदकांचा थवा आहे एवढे कळते. त्यापलीकडे उथळ पाण्यात लांब पायांचे काही भुरकट पक्षी चोची खुपसत फिरत असतात, ते कोण हे मात्र कळत नाही. येथपासून माणसाला एका डोळ्याने पाहावयाच्या मोठ्या दुर्बिणीची, म्हणजे स्पॉटिंग स्कोपची, ओढ लागते. ती कशी निवडावी याविषयी आज बोलावयाचे आहे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे, शाळामास्तर आहे. आणि माझा अधिकार एवढाच, की हीच निवड मी एकदा साफ चुकलो आहे.

आमच्या शाळेतल्या मुलांनी वर्गणी जमवली आणि ती माझ्या हाती दिली. दुकानात मी खोक्यावरचे आकडे वाचत गेलो आणि ज्यावर सर्वांत मोठा आकडा होता ती दुर्बीण उचलली. 60 पट! नळीचे पुढचे भिंग 50 मिलिमीटरचे होते, त्याकडे मी लक्षही दिले नाही. सोबत एक हलकी तिपाई फुकट मिळाली, याचा तर मला आनंदच झाला. पुढच्या शनिवारी करमळीच्या बांधावर मुले रांगेने उभी राहिली. एकेकाने डोळा लावावा, “दिसला, सर” म्हणावे आणि बाजूला व्हावे. सर्वांचे झाल्यावर मी पाहिले, तर तिपाईचा एक पाय केव्हाच घसरला होता आणि नळी नुसत्या शेवाळाकडे वळली होती. पक्षी तीत कोठेच नव्हता. मुले खोटारडी नव्हती. आपल्याच वर्गणीच्या दुर्बिणीतून काही दिसत नाही, हे मास्तरांना सांगावे कसे, एवढाच त्यांचा संकोच. आणि मी तरी वेगळे काय केले होते? त्याच दुधाळ चित्रावरून तासापूर्वी मी वहीत ‘मार्श सँडपायपर’ अशी नोंद ठोकून दिली होती.

घरी येऊन मग जे वाचले ते आधी वाचावयास हवे होते. पुढच्या भिंगाची रुंदी भागिले पटींचा आकडा, हा भागाकार करावा. जे येईल तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याची बाहुली भर दिवसाही 2 ते 3 मिलिमीटर उघडी असते आणि संधिप्रकाशात त्याहून बरीच मोठी होते. आमच्या दुर्बिणीचा भागाकार एक मिलिमीटरदेखील भरत नव्हता! चित्र मोठे झाले खरे, पण अंधारले. उलट 65 मिलिमीटरचे भिंग 20 पटींवर सव्वातीन मिलिमीटरचा झोत देते; चित्र लहान, पण उजळ आणि कोरीव. शिवाय 20 पटींवर एक किलोमीटर अंतरावरचा सुमारे 35 मीटरांचा पट्टा एका वेळी दिसतो, 60 पटींवर त्याच्या जेमतेम निम्मा. म्हणजे पक्षी सापडेपर्यंतच तो उडून जावयाचा. 20 ते 60 पटी बदलता येणाऱ्या दुर्बिणी सर्रास मिळतात. त्यांत वरची टोके क्वचित वापरावयाची असतात, हे विकणारा सांगत नाही.

मग भिंग 65चे की 80चे? 80चे भिंग दीडपट प्रकाश गोळा करते, पण वजन आणि किंमत दोन्ही चढतात. मोटारीने तळ्याच्या काठापर्यंत जाणाऱ्याने ते खुशाल घ्यावे. ज्याला रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यात कांदळवनाच्या कडेने पायपीट करावयाची आहे, त्याने 65वर समाधान मानावे. जड म्हणून घरी राहिलेली दुर्बीण कितीही उत्तम असली तरी तिच्यातून पक्षी दिसत नाही.

तिपाई फुकटची घेऊ नये. 20 पटींवर हाताचा कंपही 20 पट होतो. वाऱ्याने थरथरणाऱ्या तिपाईवर उत्तम भिंगही वाया जाते. ठरलेल्या पैशांतून तिचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात दुर्बीण बसवावी. डोळ्याकडचा भाग सरळ असावा की 45 अंशांनी वर वळलेला, यावर छंदिष्ट मंडळी वाद घालतात. सरळ नळीने पक्षी चटकन सापडतो, हे मान्य. पण जेथे एकाच दुर्बिणीपुढे उंच मास्तर आणि पाचवीतला मुलगा दोघांनीही उभे राहावयाचे, तेथे वळलेलीच हवी. तिपाई ठेंगण्याच्या मापाने लावावी आणि उंचाने वाकावे. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकट पाहून घ्यावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ती दुर्बीण त्याच्यासाठी नव्हे.

दुकानात परीक्षा करावयाची तर नळी दाराबाहेर रोखावी. उजळ आकाशापुढची विजेची तार पाहावी. तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितके भिंग चांगले. लांबच्या पाटीवरची अक्षरे पटी वाढवून वाचावीत, आणि विरत जातील तेथे त्या दुर्बिणीची खरी मर्यादा मानावी. अक्षरे वाचण्याचा हा प्रकार केवळ परीक्षेपुरता नाही. मंगोलियात शास्त्रज्ञ पट्टकादंब हंसांच्या मानेला अक्षरे लिहिलेली पट्टी बांधतात, आणि असे हंस हिवाळ्यात कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. बेळगावकर श्रोत्यांना गदग जिल्ह्यातले मागडीचे तळे फारसे लांब नाही. तेथे कोणी ती दोन-तीन अक्षरे नीट वाचली, तर हंसाचा प्रवास वहीत उतरतो. चुकीची वाचली, तर भलत्याच हंसाच्या नावावर.

ऊन चढले की सपाट पाण्यावर हवा थरथरू लागते आणि किमती दुर्बीणही ती थरथर मोठी करून दाखवण्यापलीकडे काही करीत नाही. रविवारची मिस्सा आटोपून तळ्यावर पोचेपर्यंत नेमकी हीच वेळ होते, म्हणून आमचा वार शनिवार. आणखी एक शत्रू आपल्या बाजूचा खास: पावसाळ्यातली बुरशी. नळी हवाबंद व आत नायट्रोजन भरलेली घ्यावी, आणि जून ते सप्टेंबर कातडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

दुकानदाराने आमची दुर्बीण परत घेतली नाही. पुढच्या वर्षी काही पदरचे घालून 65 मिलिमीटरची, वळलेली आणि जड तिपाईवरची दुर्बीण आली. करमळीला पुन्हा तसाच एक भुरकट पक्षी उभा होता. मी 25 पटींवर लावून दिली आणि म्हणालो, “हा मार्श सँडपायपर. चोच सुईसारखी सरळ असते, पाहा.” रांगेतल्या पहिल्या मुलीने बराच वेळ डोळा काढला नाही. मग ती हळूच म्हणाली, “नाही, सर. चोच जाड आहे, आणि टोकाला थोडी वर वळली आहे.”

मी पाहिले. तो ग्रीनशँक होता. गेल्या वर्षीची नोंद त्याच सायंकाळी मी वहीतून खोडली.