सुट्या मालाला परत कोण बोलावणार?



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा वैद्यकावर अधिकारवाणीने बोलणारा मी नव्हे. परंतु मजुराच्या पगाराचा हिशेब करणाऱ्याला तो पगार जातो कोठे, हेही पाहावे लागते. तो जातो किराणा दुकानात. म्हणून आज मी मिठाविषयी बोलणार आहे.

मध्यंतरी डाळमिलमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका सभासद बाईंच्या घरी गेलो होतो. बाईंना थायरॉईडचा विकार. रोज सकाळी अनशेपोटी गोळी घेतात. घरात सून गर्भार. चुलीशेजारी डब्यात बाजारातून आणलेले सुटे खडेमीठ. मी विचारले, "हे आयोडीनचे आहे का?" बाई म्हणाल्या, "मीठ ते मीठच शे ना, भाऊ!"

मंडळी, मीठ ते मीठच नव्हे. थायरॉईड ही गळ्यातली लहानशी ग्रंथी. शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची, हे ती ठरवते, आणि त्यासाठी तिला आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे एका ग्रॅममध्ये सहा हजारांहून अधिक दिवसांची बेगमी! गर्भारपणी ही गरज वाढते. आयोडीन फार कमी पडले तर गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. बाईंच्या गोळीत ग्रंथीचा रस तयारच असतो, त्यांचे एकवेळ भागेल. सुनेचे आणि नातवाचे कसे भागावे?

१९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि गलगंड हटवता येतो हे दाखवले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला. आज खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास कायद्याने मनाई आहे; गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असले पाहिजे. तरी ते सुटे मीठ त्या डब्यात आलेच!

आता दुसरी बाजू. कमी वाईट, तसे अतीही वाईट. ऑस्ट्रेलियात 'बॉनसॉय' नावाचे सोयादूध विकले जाई. त्यात समुद्रशेवाळाचा अर्क होता आणि त्यातून आयोडीन बेसुमार पोटात जाई. लोकांच्या थायरॉईड ग्रंथी बिघडल्या. २००९ च्या डिसेंबरात तो माल बाजारातून परत बोलावला. पुढे पीडितांनी एकजुटीने दावा लावला आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. यावरून कोणी घाबरून आयोडीनचे मीठ टाकू नये. बेताचे मीठ बहुतेकांना बाधत नाही. पण ज्यांची ग्रंथी आधीच दुखणाईत आहे, त्यांनी शेवाळाच्या गोळ्या नि शक्तीची औषधे डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

माल परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडेही आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ती आहे, तिचे नियम २०१७ साली झाले. २०१५ साली 'मॅगी'वर बंदी आली, तेव्हा खेडोपाडीच्या दुकानांतून पुड्या परत गेल्या. ती बंदी मुंबई उच्च न्यायालयाने पुढे रद्द केली. परंतु माल परत जाऊ शकतो हे दिसले. कशामुळे? पुडीवर कारखान्याचे नाव आणि बॅचचा नंबर होता म्हणून. सुट्या मिठाला, सुट्या तेलाला, सुट्या हळदीला नाव नाही, नंबर नाही. तो माल परत कोण बोलावणार, आणि कोणत्या नावाने? म्हणजे कायद्याचे छत्र पुडी घेणाऱ्याच्या डोक्यावर, आणि सुटे घेणारा उघड्यावर!

आपण म्हणाल, मग पुडी घ्या, बिल मागा. उपदेश सोपा आहे. उधारीच्या वहीवर जगणारी बाई बिल कशी मागेल? उद्या उधारी बंद झाली तर? एकटीने मागितले तर तो उद्धटपणा ठरतो. शंभर जणींनी मागितले तर तो रिवाज होतो. पगारवाढ आम्ही अशीच मिळवली, दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

म्हणून मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून बायकांनी मिळून पुडीचे मीठ ठोक भावाने आणावे, बिल घ्यावे, नंबर टिपून ठेवावा. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे मिळून लेखी तक्रार करावी. आज घरी गेल्यावर मिठाचा डबा उघडा आणि एवढेच विचारा, हे मीठ कोणाचे? उत्तर मिळाले नाही, तर माझे भाषण तेथून पुढे सुरू झाले असे समजा.