एल.ई.डी. दिव्यांसाठी रोधकाची निवड



विज्ञान-प्रदर्शनासाठी एखादे मूल पुठ्ठ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढते. त्यावर एक लाल व दोन पांढरे एल.ई.डी. बसवून ९ व्होल्टच्या बॅटरीला एकाच रोधकातून समांतर जोडते. लाल दिवा तेवढा लागतो. पांढरे खराब निघाले, असे समजून मूल ते केरात टाकते. क्वचित् गुरुजीही तसेच सांगतात. वस्तुतः दिवे निर्दोष असतात. चुकलेली असते ती जोडणी.

बांधाशी साचलेले पाणी माथ्यापर्यंत चढल्यावाचून पलीकडे थेंबही जात नाही. माथा ओलांडला, की बोटभर चढानेही लोंढा सुटतो. एल.ई.डी.चे तसेच आहे. लाल दिव्याचा हा माथा सुमारे २ व्होल्ट, पांढऱ्याचा सुमारे ३. दोन्ही समांतर जोडले, की सारा प्रवाह लाल दिव्यातून वाहतो व दाब २ व्होल्टपाशीच अडतो. म्हणून समांतर जोडणीत प्रत्येक दिव्यास स्वतंत्र रोधक हवा.

त्याचे मूल्य काढणे सहावीच्या मुलासही जमेल. बॅटरीच्या दाबातून दिव्याचा दाब वजा करावा व उरलेल्या व्होल्टांना प्रवाहाने भागावे. साध्या दिव्यास १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर, पुरतात. लाल दिव्यासाठी ७ भागिले ०.०१५, अर्थात् सुमारे ४६७ ओहम. दुकानात ४७० चा मिळतो. त्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. हिशोबाहून किंचित् मोठा रोधक चालतो. फार लहान घेतल्यास दिवा जळतो.

तीन लाल दिवे असल्यास एकसर जोडणी काटकसरीची. दिव्यांकडे ६ व्होल्ट जातात, उरलेल्या ३ साठी २०० ओहम लागतात; बाजारातील २२० चा घ्यावा. एका दिव्याच्या प्रवाहात तिन्ही लागतात. येथे चौथा दिवा जोडण्याचा हट्ट मुले हमखास धरतात, आणि कागदावर हिशोब जुळतोही: १ व्होल्ट उरतो. परंतु वापराने बॅटरी ८ व्होल्टवर आली, की रोधकाकडे काहीच उरत नाही व चारही दिवे विझू लागतात. तीनच असतील, तर २ व्होल्ट शिल्लक राहून ते मंदपणे का होईना, लागलेले राहतात.

नकाशावरील दोन पांढरे दिवे एकसर जोडून त्यांस २२० चा एक रोधक द्यावा, लाल दिव्यास ४७० चा वेगळा. तिन्ही लागतील. मात्र केरात टाकलेले दिवे तेवढे आधी शोधून आणावे लागतील.