रुग्णसेवेची पहिली दोन पथ्ये

(वैद्यकीय महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचे विद्यार्थी प्रथमच रुग्णकक्षात जाण्याच्या आदल्या दिवशी एका ज्येष्ठ अध्यापकांनी त्यांच्यासमोर केलेले भाषण.)



उद्यापासून आपण रुग्णकक्षात पाऊल ठेवणार आहात. गेले वर्षभर ज्या मानवी देहाशी आपला संबंध आला तो बोलत नव्हता, आणि आपल्या हातून त्याला अपाय होण्याचा संभवही नव्हता. उद्या भेटणारा माणूस जिवंत आहे. तो आपले शरीर तुमच्या हाती देईल आणि घरच्यांनाही न सांगितलेल्या गोष्टी तुमच्या कानी घालील. म्हणून निदान आणि उपचार यांच्या आधी मला आज दोन पथ्यांविषयी बोलावयाचे आहे. एक हातांचे, दुसरे जिभेचे.

हातांच्या पथ्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे, कारण त्यात दोष विद्यार्थ्यांच्या हातांचा होता. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात दाखल झालेल्या बाळंतिणींपैकी शेकडा ११ हून अधिक दगावल्या. दुसऱ्यात हे प्रमाण शेकडा ३ च्या आत होते. गावातील स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला त्याचे कारण उमगेना. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेत्श्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी बोटास लागली, आणि ज्या लक्षणांनी बाळंतिणी मरत त्याच लक्षणांनी तेही मरण पावले. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानी आले की, विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येतात व मृत्यू आपल्या बोटांवर घेऊन येतात. मे महिन्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जून-जुलैमध्ये शेकडा २ च्या आसपास आले.

पुढची हकीकत कमी सुखद आहे. ज्येष्ठांना आपले हात दोषी आहेत हे मान्य होईना. १८६५ साली सेमेलवाइसचा अंत वेड्यांच्या इस्पितळात झाला, आणि तोही जखमेतील जंतुदोषाने. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी विद्यार्थी हळहळतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या खाटेवरील रुग्णाचे पोट तपासून त्याच हातांनी दुसऱ्या खाटेकडे वळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, रक्त वा शरीरस्रावाशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवा प्रसंग हमखास विसरला जातो. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड आणि केसपेपरची पाटी यांवरही जंतू असतात. हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलयुक्त द्रव २० ते ३० सेकंद चोळला तरी पुरे. मळलेले असतील, किंवा अतिसाराचा रुग्ण असेल, तर साबण आणि पाणीच हवे. आणि त्याला ४० ते ६० सेकंद लागतात. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्यातून सुटका झाली असे समजू नका. आणि अंगातील पांढरा कोट उपाहारगृहात मिरवू नका. त्याच्या बाह्यांवर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही एवढेच.

सुईविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती लगेच टोचून न फाटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा व निळा असे जे रंग ठरविले आहेत ते परीक्षेत पाठ म्हणून दाखवण्यासाठी नाहीत. पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई पहाटे कचरा उचलणाऱ्या मावशींच्या तळहातात शिरते, आणि ती कोणाला टोचलेली होती हे त्यांना कोणी सांगू शकत नाही. तुम्हाला स्वतःला सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच घटकेस वरिष्ठांना कळवा. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांच्या आत व फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. अशा टोचण्यातून एचआयव्ही होण्याचा धोका हजारी सुमारे ३ इतका आहे. लस न घेतलेल्याला हेपटायटिस 'बी' होण्याचा धोका मात्र शेकडा ६ ते ३० पर्यंत जातो. तरीही विद्यार्थी पहिल्याला भितात आणि दुसऱ्याच्या लसीचा तिसरा डोस घ्यावयाचे विसरतात!

याच भीतीतून दुसऱ्या पथ्याचा भंग होतो. एखाद्या खाटेवर लाल चिठ्ठी लागते, केसपेपरवर ठळक अक्षरांत खूण होते, आणि त्या रुग्णाजवळ जाताना सर्वजण हातमोजे चढवितात. शेजारच्या खाटेवरील आजींना इंग्रजी वाचता येत नसेल, पण त्यांना सर्व काही कळते. वस्तुतः ही खूण निरुपयोगी आहे. ज्यांच्या संसर्गाचे निदानच झालेले नाही त्यांच्या खाटेवर कोणती चिठ्ठी लावणार? प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य मानून प्रत्येकाशी सारखीच दक्षता पाळली, तर कोणाकडे बोट दाखविण्याची गरज उरत नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने म्हणूनच आरोग्य कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधने व प्रशिक्षण देण्याचे बंधन संस्थांवर घातले, आणि त्याच कायद्याने रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली. जोडीदाराला धोका असेल तर त्यास कळविण्याचा अधिकार डॉक्टर व समुपदेशक यांनाच, आणि तोही रुग्णाला आधी समजावून व पूर्वकल्पना देऊन. विद्यार्थ्याला तो अधिकार नाही.

नाव घेतले नाही म्हणजे गुप्तता पाळली, असा एक समज आहे. तो माझाही होता. मी आंतरवासिता करीत असताना क्षयरोग कक्षात एक नवविवाहित मुलगी दाखल होती. शनिवारी एस.टी.ने घरी जाताना मी मित्राला तिच्याविषयी सांगितले. नाव घेतले नाही. गाव, लग्नाला झालेले तीन महिने आणि दोन्ही फुप्फुसांतील दोष, एवढेच बोललो. मला वाटले, मी वैद्यकशास्त्राची चर्चा करीत आहे. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा केसपेपर भरण्याचे काम माझ्याकडे होते. औषधे मध्येच का सोडली, असे मी विचारले. तिच्याबरोबर आलेले वडील म्हणाले, "सासरच्यांनी घरी आणून सोडली, साहेब. मग तिनं गोळ्याच टाकून दिल्या. दवाखान्यातला कुणी पोरगा एस.टी.त बोलला म्हणे." मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तो पोरगा मीच, हे मी त्यांना सांगितले नाही. ती त्या खेपेस घरी परतली नाही.

आज एस.टी.ची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. क्ष-किरण चित्राचा फोटो मित्रांच्या गटात पाठविताना कोपऱ्यातील नाव व नोंदणी क्रमांक तसाच जातो. जखमेच्या फोटोत गोंदण दिसते. दुर्मीळ रोगाचा रुग्ण तर नावावाचूनही ओळखू येतो.

गुप्ततेला अपवाद आहेत. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका, आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतच दिलेले आहेत. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळविणे २०१२ पासून आवश्यक आहे. परंतु शासनाला कळविणे म्हणजे गावाला कळविणे नव्हे. करोनाच्या साथीत घराघरांवर फलक लागले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. फलकाच्या भीतीने लोक तपासणीच टाळू लागले, तर साथ आटोक्यात येणार कशी?

तुमच्यापैकी अनेकजण पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातील. तेथे सरपंच किंवा गुरुजी सद्भावनेने विचारतील, "कोणाला झालंय, डॉक्टर?" त्यांना तोडून बोलू नका; गावाची काळजी वाहणे हे त्यांचे कामच आहे. किती रुग्ण आहेत, कोणत्या विहिरीत औषध टाकावयाचे, कोणत्या लक्षणांवर माणसाला केंद्रात पाठवावयाचे, हे सर्व त्यांना सांगा. नाव सांगू नका. ते एकदा रागावतील. पुढे त्यांच्याच घरात कोणी आजारी पडले की रात्री तुमच्याकडेच येतील.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत असे बजावले आहे. ग्रीक वैद्यांच्या शपथेतही तेच आहे. तेव्हा हे पथ्य काही काल-परवाच्या कायद्याने आणलेले नाही.

उद्या सकाळी आठ वाजता सर्वांनी रुग्णकक्षाच्या दाराबाहेरील बेसिनपाशी जमावे. नखे कापलेली असावीत. अंगठ्या व घड्याळे काढून ठेवावीत. भ्रमणध्वनी वसतिगृहात राहू द्या. हात कसे धुवावयाचे ते सिस्टर दाखवतील, आणि त्यांनी होकार दिलेल्यांनाच मी आत नेईन.