लेण्यात कॅमेरा नेताना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला माणूस. रिंग खात्यात तुटलेला धागा जोडणं हा माझा धंदा. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात. बोलण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

१९९४ साली मी मायला घेऊन जळगावहून एस.टी.ने अजिंठ्याला गेलो. मित्राचा कॅमेरा मागून आणला होता, ३६ फोटोंचा रोल. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर फ्लॅश मारला. पहारेकरी धावत आला. मी त्याच्यावरच चढलो, "बुद्ध आमचा आहे, तू कोण अडवणारा?" माय गाभाऱ्यासमोर हात जोडून बसलेली. माझं भांडण ऐकून तिला उठावं लागलं. रोल धुऊन आणला, तर पद्मपाणीच्या जागी पांढरा डाग. माय म्हणाली, "यामा भगवान कोठे शे रे?"

नंतर वाचलं तेव्हा कळलं. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. उजेडानं रंग उडतात, आपल्या श्वासाच्या दमटपणानंसुद्धा भिंत खराब होते. पहारेकरी बुद्धाची राखण करत होता आणि मी हक्क सांगत होतो!

हक्क सांगणारे पूर्वीही आले. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा कॅमेरा नव्हता, एवढाच फरक.

पण परके सगळे सारखे नव्हते. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे या चित्रांच्या नकला हातानं काढत बसला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानं लेण्यांचे फोटोही काढले, १८६४ साली त्यांचं पुस्तक निघालं. १८७९ साली तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. किती जणांना ठाऊक होतं? मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता पितळखोऱ्याचं सांगतो. चाळीसगावहून घाट चढून गेलं की कन्नडच्या बाजूच्या डोंगरात ही लेणी आहेत, अजिंठ्यासारखी गर्दी नाही. तिथं सापडलेली यक्षाची एक मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनारानं ती घडवली, असा लेख तिच्यावरच आहे. पैठणच्या मितदेव या अत्तरवाल्याच्या दानाचाही लेख लेण्यात आहे. म्हणजे नाव स्मिथनंही कोरलं आणि कण्हदासानंही. मी गिरणीत इतकी वर्षं सूत काढलं, एका कोनावरही माझं नाव नाही. म्हणून कण्हदासाचं नाव वाचून मला कोण आनंद झाला!

आता आपल्या विहाराचं बोलतो, राग मानू नका. गेल्या बुद्धपौर्णिमेला त्रिशरण चालू असताना आपलीच पोरं मोबाईल घेऊन भन्तेजींच्या पुढून फिरत होती. एकानं तर मूर्तीच्या चौथऱ्यावर पाय दिला. त्यांना मी काय बोलणार? मी कोण होतो ते आत्ताच सांगितलं. एवढीच विनंती, वंदना संपू द्या, मग हवे तेवढे फोटो काढा. म्हाताऱ्या बायांचे आधी काढा. माझ्याकडे त्या रोलमधले ३५ फोटो आहेत, त्यात माय एकातही नाही.

हिवाळ्यात पितळखोऱ्याला गाडी न्यायची आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडं नाव द्यावं. उतरायला पायऱ्या बऱ्याच आहेत, चपला धड घालून या.

जयभीम. नमो बुद्धाय.