काळी गाडी, तीन बादल्या पाणी

आयाबायांनो, दादांनो, पोरांनो, सगळे जरा जवळ सरकून बसा.

आज आपण गाडी धुण्याविषयी बोलणार आहोत. काहीजण हसतील. म्हणतील, "गाडी धुवायला काय शिकायचं? पाणी मारायचं, फडकं फिरवायचं, झालं!" आमचे म्हणणे असे, की नव्या गाडीवरचे पहिले ओरखडे पुष्कळदा याच फडक्याने पडतात. आणि याच पाण्यावरून गावात भांडणेही होतात. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आता खेड्याखेड्यांत मोटारी आल्या आहेत. कुणी घरच्या वापरासाठी घेतो. कुणी भाड्याचा परवाना काढून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या यात्रेकरूंना नेतो. पुष्कळांची गाडी कर्जाची असते. दर महिन्याला हप्ता भरावा लागतो. कर्ज फिटेपर्यंत गाडी नीट दिसली पाहिजे. पुढे विकायची वेळ आली, तर घेणारा आधी रंग पाहतो, मग यंत्र पाहतो. म्हणजे रंग ही नुसती हौस नाही. तो घरचा पैसा आहे.

आणि गाडी काळी असेल तर?

काळा रंग रुबाबदार खरा. पण तो काही लपवत नाही. पाटीवर खडूची बारीक रेघ मारा. लगेच दिसते. तीच रेघ पांढऱ्या भिंतीवर मारा. दिसत नाही. तसेच गाडीचे. बारीक ओरखडा पांढऱ्या गाडीवरही पडतो, पण काळ्या गाडीवर तो चमकतो. उन्हात पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात.

काळ्या मोटारींची एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेत हेन्री फोर्ड नावाचे कारखानदार होते. त्यांच्या कारखान्याने 1908 साली 'मॉडेल टी' नावाची मोटार काढली. 1914 ते 1925 पर्यंत ही मोटार फक्त काळ्या रंगात मिळत असे. गिऱ्हाइकाने दुसरा रंग मागितला, तरी मिळत नसे. एकच रंग ठेवला म्हणजे काम झटपट होते आणि खर्च कमी येतो, हा त्यातला हिशेब होता. आता हवा तो रंग मिळतो. पण काळ्याची आवड काही कमी झाली नाही.

आता रंग म्हणजे काय ते पाहू. भाकरी टम्म फुगली की तिला वर पातळ पापुद्रा सुटतो. गाडीच्या पत्र्यावरही असेच पापुद्रे असतात. सगळ्यांत खाली गंज अडवणारा थर. त्यावर अस्तराचा रंग. त्यावर आपला काळा रंग. आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हे सगळे थर मिळून जाडी किती? एका मिलिमीटरचा साधारण दहावा भाग! चमक असते ती वरच्या पारदर्शक थराची. तो थर घासून गेला, की तेवढा कायमचा गेला. घासून चमक आणणारे कारागीर असतात. पण तेही वरचा थर थोडा घासूनच रेघ घालवतात. त्यामुळे हा उपाय पुन्हा पुन्हा करता येत नाही.

मग हा थर घासतो कोण? आपली धूळ.

आपल्याकडे पाऊस कमी. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळा मोठा. रस्त्यावर मुरूम, शेतात काळी माती. वारा सुटला की सगळे गाडीवर. गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर राखेचे कणही पडतात. या धुळीत दगडाचे बारीक कण असतात. सकाळी उठून आपण कोरडे फडके घेतो आणि गाडी खसाखसा पुसतो. आपल्याला वाटते, गाडी स्वच्छ झाली. खरे पाहता आपण तिच्यावर वाळू घासली. भांडे वाळूने घासतात, गाडी नव्हे.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. कोरडी धूळ कधी पुसू नका. आधी पाणी, मग हात.

आणखी एक सांगतो. धुळीच्या गाडीवर पोरे बोटाने नाव लिहितात. आपणही नवीन लिहायला शिकलो, की बोटे शिवशिवतात! पण त्या बोटाखाली तेच दगडाचे कण असतात. धूळ धुतली, तरी नावाच्या रेघा तशाच राहतात. अक्षर पाटीवर काढा, वहीवर काढा. गाडीवर काढू नका.

आता धुण्याची रीत सांगतो. पंधरा लिटरच्या तीन बादल्या पाणी पुरे.

गाडी सावलीत उभी करा. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची घ्या. उन्हात काळा पत्रा इतका तापतो, की हात टेकवत नाही. तापल्या पत्र्यावर पाणी पडले, की ते लगेच वाळते आणि डाग ठेवते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर आधी निवू द्या.

पहिली बादली झारीत भरा. तीच झारी, जिने आपण रोपांना पाणी घालतो. टपापासून खाली हळूहळू पाणी सोडा. धूळ भिजू द्या, वाहून जाऊ द्या. या वेळी हात लावायचा नाही. फवारणीचा पंप मात्र यासाठी घेऊ नका. त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो. तो रंगालाही वाईट आणि माणसालाही वाईट.

दुसरी बादली दोन भांड्यांत अर्धी अर्धी करा. एकात गाडी धुण्याचा साबण घाला. दुसऱ्यात साधे पाणी ठेवा. मऊ कापड साबणात बुडवा आणि वरून खाली पुसत या. आधी टप, मग काचा, मग दारे. थोडा भाग पुसला, की कापड साध्या पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे कापडात अडकलेली माती तिथेच राहील. मग पुन्हा साबणात बुडवा. कापड खाली पडले, तर तेच उचलून पुन्हा लावू नका. चाकांचे फडके वेगळे ठेवा. चाकाची घाण दाराला लागता कामा नये.

एक ताई विचारतील, "कपड्याची पावडर चालेल का? घरात आहेच की." चालणार नाही, ताई. कपड्याची पावडर, धुण्याचा सोडा, भांड्याची वडी, हे कडक असतात. रंगावर मेणाचा हात दिलेला असेल, तर ते तो काढून टाकतात. गाडीचा साबण सौम्य असतो. तो थोडासाच लागतो. एक बाटली पुष्कळ दिवस पुरते.

काहीजण चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा रॉकेलचा हात फिरवतात. घटकाभर गाडी चकाकते. मग त्या तेलकट अंगावर दुप्पट धूळ बसते आणि काचेभोवतीचे रबर खराब होते. हे करू नका.

तिसरी बादली शेवटच्या धुण्याची. झारीनेच साबण धुऊन काढा. साबण अंगावर वाळू देऊ नका.

आणि मग लगेच पुसा. हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. हंड्याच्या आत पांढरा थर बसतो. हा थर क्षारांचा असतो. गाडीवर पाण्याचा थेंब वाळला, की पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच बसतात. काळ्या गाडीवर हे पांढरे ठिपके अगदी उठून दिसतात. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराचे पाणी पिंपात धरून ठेवा. पावसाचे पाणी हलके असते. शेवटच्या धुण्याला ते फार चांगले. साठवलेल्या पाण्यावर मात्र झाकण ठेवा, नाहीतर डास होतील.

पुसायला काय घ्यावे? बारीक धाग्याची खास फडकी बाजारात मिळतात, ती उत्तम. पण आपले सोलापूर तर चादरी आणि टॉवेलांसाठी देशभर नावाजलेले! सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरातला स्वच्छ, मऊ, लुसलुशीत फासांचा टॉवेल घ्या. तो चार वेळा धुतलेला असावा. खळ नसावी. काठाची जाड शिवण रंगावर घासू नका. टॉवेल पाण्यावर पसरा, टिपा आणि उचला. बाळाचे अंग टिपतो तसे.

आता आपल्या चालीरीतींकडे येऊ. नवी गाडी आली, की आपण तिची पूजा करतो. दसऱ्याला झेंडूचे हार घालतो. ते जरूर करावे. फक्त कुंकवाचे स्वस्तिक रंगावर न काढता काचेवर काढावे. काच कठीण असते, सहज धुतली जाते. हळदकुंकू रंगावर दिवसेंदिवस राहिले, तर डाग धरते. नारळ बाजूला दगडावर फोडावा. हार तारेचा नसावा, दोऱ्याचा असावा. देव काही रागावणार नाही.

गाडी झाडाखाली लावली, की सावली मिळते, पण पाखरांची विष्ठा आणि झाडाचा चीकही मिळतो. विष्ठा उन्हात वाळली, की रंगात खड्डा पाडते. ती खरवडू नका. ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवा. मऊ झाली, की अलगद उचला. रात्रीच्या प्रवासात समोर चिकटलेल्या किड्यांनाही हाच उपाय. शेळ्यांपासूनही सांभाळा. शेळीला उंच जागा फार आवडते!

दोन-तीन महिन्यांनी गाडीला मेणाचा हात द्यावा. ब्राझील देशात एक ताडाच्या जातीचे झाड आहे. त्याच्या पानांवर मेण येते. त्याला कार्नोबा म्हणतात. गाडीच्या मेणात पुष्कळदा ते असते. धुतलेल्या, कोरड्या, निवलेल्या गाडीवर पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने पुसून काढावा. मग पाणी थेंब होऊन ओघळते, घाण घट्ट बसत नाही. कारखान्यातला रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो, म्हणून नव्या गाडीला मेण लगेच चालते. गॅरेजमध्ये एखादे दार नव्याने रंगवले असेल, तर महिनाभर थांबावे. तो रंग आतून वाळायला वेळ घेतो.

खडीचा दगड उडून रंगाचा टवका निघाला, तर तेवढ्यावर लगेच रंगाचा ठिपका लावा. उघड्या लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले, की गंज धरतो, आणि गंज रंगाच्या खालून पसरतो. पावसाळ्यात उसाच्या रानातून गाडी आली, की खालचा चिखलही काढा. चिखल ओल धरून ठेवतो.

आता शेवटची आणि मोठी गोष्ट. पाणी कुणाचे?

हिशेब करू. वह्या काढा. समजा, नळीने पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरते. दहा मिनिटे नळी सोडली, तर किती पाणी गेले? पंधरा दाहे दीडशे लिटर. आपण सांगितले त्या रीतीने किती लागले? पंधरा त्रिक पंचेचाळीस. वाचले एकशे पाच लिटर. आठवड्याला एकदा गाडी धुतली, तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांत वाचले 5,460 लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचे हे निम्म्याहून जास्त पाणी झाले. तेही एका गाडीचे.

2016 सालचा उन्हाळा आठवा. लातूरला पाणी नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मिरज-लातूर हा लोहमार्ग आपल्याच पंढरपूर-कुर्डुवाडीवरून जातो. आपल्या दारावरून पाण्याची गाडी गेली, हे आपण विसरू नये.

ज्या हातपंपावर बायाबापड्या हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत, तिथे गाडी आणून उभी करणे शोभत नाही. गाडी आपली असेल, पंप गावाचा आहे. तसेच गाडी ओढ्यात किंवा चंद्रभागेत उतरवू नका. गाडीचे तेल आणि वंगण पाण्यात मिसळते. त्याच पाण्यात खाली माणसे स्नान करतात, जनावरे पाणी पितात.

मग टंचाईत काय करावे? गाडी धुऊ नये. काच, दिवे आणि नंबराची पाटी ओल्या फडक्याने पुसावी. तेवढे चालवायला लागतेच. बाकीची धूळ तशीच राहू द्या. नुसती बसलेली धूळ रंग खात नाही, घासलेली धूळ खाते. धुळीच्या गाडीची लाज वाटायचे कारण नाही. दुष्काळात चकचकीत गाडीचीच लाज वाटावी.

मंडळी, आज एवढेच. घरी जाऊन पोरांना हे वाचून दाखवा. ज्याच्या दारात गाडी आहे, त्याने येत्या रविवारी झारी आणि तीन बादल्या काढाव्यात. ज्याच्या दारात नाही, त्याने शेजाऱ्याला हिशेब समजावून द्यावा.

राम राम.