चाक आणि चुंबक
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



भंडारा जिल्ह्यातील आपल्या कुंभार घरांना चाकाची ओळख करून द्यावयास नको. काठीने गती दिली की चाक फिरत राहते व त्या गतीवरच मडके उभे राहते. हाताची शक्ती जड चाकात साठते, हे तत्त्व वाडवडिलांनी लिहून ठेवले नाही. त्यांनी ते वापरले.

याच तत्त्वावर शेजारच्या नागपुरात डॉ. जे. पी. मोडक यांनी १९७९ च्या सुमारास काम आरंभिले. सायकलीप्रमाणे पॅडल मारून मिनिटभर जड चाकात शक्ती साठवावयाची आणि ती काही सेकंदांत विटा पाडणाऱ्या यंत्रास द्यावयाची, अशी ती योजना.

आता असेच चाक वीजही साठविते. वेग दुप्पट केला की साठा चौपट होतो. म्हणून ते मिनिटास हजारो फेरे घेते. त्याला जोडलेले यंत्र वीज घेताना मोटर असते, देताना जनित्र. त्यात पुष्कळदा कायम चुंबक बसवितात. ते काटकसरीचे खरे. परंतु चुंबकास बटण नसते. तारेच्या वेटोळ्यात दोष उद्भवल्यास बाहेरची वीज तोडूनही चाक फिरतच राहते, आणि साठविलेली शक्ती त्या दोषात उतरून यंत्र जाळते.

म्हणून दोष घडणारच, असे धरून रचना करतात. प्रत्येक फेजची वेटोळी स्वतंत्र दातांवर गुंडाळतात, मध्ये मोकळा दात ठेवतात, व प्रत्येक फेजला निराळे नियंत्रक देतात. वेटोळ्याचा प्रेरणजन्य अवरोध इतका ठेवतात की टोके जुळली तरी प्रवाह नेहमीच्या मर्यादेत राहावा. एखाद्या वेढ्यातच दोष झाला, तर सबंध फेजची टोके मुद्दाम जुळवितात. त्यामुळे एकट्या वेढ्यावरील भार हलका होतो. उरलेल्या फेज काम चालू ठेवतात, अथवा चाक सावकाश थांबवितात.

इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस आमची एकच विनंती आहे. चाकाला मागासलेपणाची खूण समजू नका. सुटीत आजोबांजवळ बसा आणि चाकाचा भार कडेलाच का ठेवला, हे त्यांना विचारा. त्या उत्तरात तुमच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.