वेबसाइटवर घर चालतं का?



गेल्या महिन्यात तासगावचे एक द्राक्षबागायतदार आपल्या मुलीला घेऊन सांगलीला माझ्याकडे आले होते. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या बेदाण्याची एक छोटी वेबसाइट तिनं स्वतःच शिकून तयार केली होती, आणि खरोखर नेटकी केली होती. वडिलांनी ती मला मोबाइलवर दाखवली, चहाचा कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "मॅडम, हौस म्हणून हे ठीक आहे. पण यावर घर चालतं का? की जोडीला नोकरी पाहिजेच?"

"चालतं. माझं वीस वर्षं होत आली, चाललंय," असं मी म्हणाले. पण ते उत्तर अपुरं होतं, आणि मुलीच्या आयुष्याचा प्रश्न घेऊन तासगावहून आलेल्या बापाला पुरं उत्तर मिळायला हवं. ते आज देते.

२००६ साली मी वेब डिझाइनच्या कामाला सुरुवात केली. पहिली चार वर्षं कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या तोंडावर एकदा सात कामं हातात आली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून केली. मग जानेवारी ते मार्च एकही नवं काम नाही. सुगीत पोतं भरायचं आणि तेच उकरून खात बसायचं, असा तो प्रकार. त्यातच एका व्यापाऱ्यानं वेबसाइट सुरू झाल्यावर उरलेले निम्मे पैसे अकरा महिने दिले नाहीत. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायची आणि फोन ठेवल्यावर मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या काळात मला कोणी विचारलं असतं, तर मी "नोकरी धरा" असंच सांगितलं असतं.

चूक कामात नव्हती. मी पैसे कशाचे घेत होते, तिथं चूक होती. मी फक्त नवीन वेबसाइट बनवण्याचे पैसे घेत होते. वेबसाइट बनली, पैसे मिळाले, संबंध संपला. पुढच्या महिन्यात पुन्हा नवं गिऱ्हाईक शोधायचं.

आपल्याकडे या अडचणीवर एक जुनी तोड होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं, त्यात बलुतेदारांचं सविस्तर वर्णन आहे. सुतार नांगर-औतं नीट ठेवायचा, लोहार फाळाला धार लावून द्यायचा, आणि त्याबद्दल प्रत्येक वेळी रोकड मोजली जायची नाही. सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळायचा. त्या व्यवस्थेतली जातीची बांधाबांध आणि अन्याय आपण टाकून दिला, टाकायलाच हवा होता. पण त्यातला हिशेब मला शिकण्यासारखा वाटतो. अवजार एकदा घडवून भागत नाही, ते वर्षभर चालतं ठेवावं लागतं, आणि चालतं ठेवणाऱ्याला वर्षाचा वाटा असतो.

२०१० पासून मी प्रत्येक ग्राहकाशी वर्षाचा देखभाल करार करू लागले. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, आणि होस्टिंगचं, म्हणजे तिच्या इंटरनेटवरच्या जागेचं, नूतनीकरण वेळेवर करणं, बॅकअप घेणं, प्लगइन अद्ययावत ठेवणं, फोन नंबर, भाव, फोटो बदलणं, वेबसाइट बंद पडली तर उठवणं. आज माझ्याकडे असे अडतीस करार आहेत, सरासरी वर्षाला बारा हजारांचे. म्हणजे नवं एकही काम आलं नाही, तरी महिन्याला अडतीस हजार रुपये येतात. त्यातून खर्च जातो, हे खरं. पण घराचा हप्ता आणि किराणा त्यावर निघतो, आणि नवीन कामाचे पैसे वरकड पडतात. २०१४ साली गृहकर्जासाठी गेले, तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यांनी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. मी मोठ्या कौतुकानं माझं सर्वांत मोठं काम दाखवलं. त्यांनी तिकडे नजर टाकली आणि पुन्हा विवरणपत्रांकडे वळले. दरवर्षी ठरलेली रक्कम येते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. माझं कर्ज मंजूर झालं ते त्या बारा-बारा हजारांवर.

ग्राहकांना मात्र हे पटवणं सोपं नव्हतं. "वेबसाइट बनली की, आता वर्षाचे पैसे कसले?" हे मी किती वेळा ऐकलं असेल, मोजलेलं नाही. ते पटलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. गणपती पेठेतल्या एका हळद-मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट माझ्याकडे होती. दुकानात पाणी, संगणक पाण्यात, दुकानाचा फोन बंद. मालकांनी नातेवाइकाच्या मोबाइलवरून मला एकच वाक्य सांगितलं, "लोकांना कळू दे की आम्ही सुखरूप आहोत आणि गोदामातला माल वाचलाय." मी मिरजेला बहिणीकडे होते. तिथून पहिल्या पानावर तेवढा मजकूर आणि नवा नंबर टाकला. त्यांची ऑर्डरची यादी सर्व्हरवर होती आणि बॅकअप आदल्या रात्रीचा होता. दुकान उघडायला जवळपास महिना लागला, पण पुण्या-मुंबईचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. त्यानंतर त्या पेठेत मला वर्षाच्या पैशाचं कारण कोणी विचारलं नाही.

तासगावच्या पाहुण्यांचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. "यातलं सगळं दर पाच वर्षांनी बदलतं म्हणतात. आज शिकलेलं उद्या फुकट जाईल ना?"

काही जातं. मी स्वतः ते भोगलंय. सुरुवातीला मी फ्लॅश शिकले, क्लासची फी भरून, सहा महिने घालवून. त्या वेळी हलतीबोलती वेबसाइट म्हणजे फ्लॅशच. २०१० च्या एप्रिलमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही याची कारणं दिली, आणि शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशची मालक असलेल्या अडोबी कंपनीनंच ते बंद केलं. मी केलेली त्या काळातली एकही गोष्ट आज उघडत नाही. २०१० सालीच वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी एकच पान मोबाइलला आणि संगणकाला आपोआप जुळवून घेण्याची रीत मांडली. मग २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला, आणि आमचं मोठ्या पडद्यासाठीचं सगळं काम पुन्हा करावं लागलं.

पण याची दुसरी बाजूही आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९१ साली जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर ठेवली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे तंत्र सगळ्यांना मोफत खुलं केलं. त्या पहिल्या वेबसाइटची पानं आज तुमच्या मोबाइलवर उघडा, उघडतात. पस्तीस वर्षांत मधली कितीतरी साधनं आली आणि मोडीत निघाली, पण वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचा पाया हलला नाही. एका कंपनीच्या मालकीचं साधन शिकलात, तर त्या कंपनीबरोबर बुडाल. पाया पक्का केलात, तर नवं साधन आठवड्याभरात हाताला बसतं. मी हे उशिरा शिकले, म्हणून कळकळीनं सांगते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि आज अशी साधनं पाच पानांची वेबसाइट काही मिनिटांत उभी करतात. हे मी लपवणार नाही: 'आमच्याविषयी', 'आमच्या सेवा', 'संपर्क' एवढी पानं करून देऊन पोट भरायचे दिवस संपले. त्या कामाच्या भरवशावर कोणी नोकरी सोडू नये.

मग उरतं काय? बारकाईनं बघणारी नजर उरते, आणि मराठीच्या बाबतीत ती नजर फार कमी लोकांकडे आहे. यंत्रानं केलेलं किंवा बाहेरून विकत घेतलेलं डिझाइन रोमन अक्षरांच्या मापानं बेतलेलं असतं. त्यात मराठी मजकूर ओतला की दोन ओळींतलं अंतर कमी पडतं, वरच्या वेलांट्या कापल्या जातात आणि खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. शोभेसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी मथळा ऐटदार दिसतो आणि मराठी मथळ्याची शिरोरेषा तुटते, जणू दोरी कापून मणी सांडले. पान मराठीत आहे हे कोडमध्ये नोंदवलं नाही, किंवा फॉन्टमध्ये सोयच नसली, तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून या दोन अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलेलं आहे, तरीही. 'दऱ्या'चं कुठे 'दर्या' होऊन बसतं आणि दरीच्या जागी समुद्र येतो.

माझी सुरुवात झाली तेव्हा तर सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून केलेलं युनिकोड पुरतं रुळलंही नव्हतं. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा. तो आपल्या संगणकावर नसेल, तर बातमीऐवजी चिन्हांची खिचडी दिसायची. ते दिवस पाहिलेत, म्हणून आज मोबाइलवर स्वच्छ मराठी दिसते तेव्हा मला अजूनही आनंद होतो, आणि ती चुकीची दिसते तेव्हा रागही येतो.

मिरजेच्या एका दृष्टिहीन शिक्षकांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. ते एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. त्यांना एका शाळेची प्रवेशाची सूचना हवी होती. सूचना वेबसाइटवर होती, पण चित्र म्हणून चिकटवलेली. सॉफ्टवेअर तिथं येऊन फक्त 'ग्राफिक' म्हणालं आणि गप्प झालं. तारीख निघून गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, आणि वेबसाइटची पानं सर्वांना वापरता येतील अशी करणं ही आता मेहेरबानी राहिलेली नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक हवा, प्रत्येक चित्राला वर्णन हवं, माउसशिवाय फॉर्म भरता यायला हवा. हे तपासून दुरुस्त करणं, यातच गेल्या तीन वर्षांतलं माझं निम्मं नवं काम आलं.

पैशांचं थोडं सांगते, कारण घर त्यावर चालतं. कामाचा करार लेखी करा आणि निम्मी रक्कम आधी घ्या. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तेही त्यातच लिहा. 'जरा छोटासा चेंज' हे शब्द महिना खातात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागतं. हा कायदा माझ्या त्या अकरा महिन्यांतही होता. मला तो माहीत नव्हता.

तासगावच्या पाहुण्यांना मी हेही सांगितलं की पहिले दहा-पंधरा वार्षिक करार होईपर्यंत मुलीनं दुसरं उत्पन्न हाताशी ठेवावं. माझी पहिली चार वर्षं ओढाताणीत गेली. तिची कदाचित तीन जातील.

ते उठले, तेव्हा मुलगी पहिल्यांदाच बोलली. "मी शिकायला आले, तर पहिलं काम काय द्याल?"

माझ्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असतं, हातानं लिहिलेलं. अडतीस नावं, पुढे प्रत्येकाची डोमेनची तारीख, होस्टिंगची तारीख, शेवटचा बॅकअप. ते मी तिच्यापुढे सरकवलं. तिनं बोट फिरवत दोन पानं वाचली आणि म्हणाली, "यातल्या तिघांचं पुढच्या महिन्यात संपतंय. फोन केला का?"

दोघांना केला होता. तिसऱ्याचा राहिला होता. सोमवारपासून ती येते आहे.